पंचवीस रुपयांची ‘श्यामा’

काकोडकरांची कादंबरी म्हणजे उशीखाली ठेवायचं पुस्तक! चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ 1962 मध्ये ‘रंभा’च्या दिवाळी अंकात आली. कवी निशिकांत आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या नीला, वनिता, श्यामा अशी ती कथा. अश्लीलतेचा खटला झाला. खालच्या कोर्टाने सोडलं, हायकोर्टाने मात्र पंचवीस रुपये दंड ठोठावून उरलेले अंक नष्ट करायला सांगितले. 25 ऑगस्ट 1969 रोजी सुप्रीम कोर्टाने काकोडकरांना निर्दोष ठरवलं. न्यायमूर्तींनी कथा स्वतः वाचली होती. मजकूर अश्लील नाही, लेखन मात्र कच्चं वाटतं, असा त्यांचा शेरा. लेखकाला दंडापेक्षा हेच जास्त झोंबलं असावं! त्याच वर्षी काकोडकरांच्या ‘नीलांबरी’ कादंबरीवरचा ‘दो रास्ते’ हा चित्रपट झळकला. तो मात्र सहकुटुंब पाहण्याजोगा.