मडक्यातले खरेदीखत



शेताचे खरेदीखत कसे जपावे, हे खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. आज मी अशाच एका खताची गोष्ट सांगणार आहे. ते झाले अडीच हजार वर्षांपूर्वी, यरुशलेमात. पण त्याचा धागा आपल्या ठाण्यापर्यंत येतो.

बाबेलच्या राजाने यरुशलेमला वेढा घातला होता. शहर पडणार, हे दिसतच होते. यिर्मया नावाचा संदेष्टा तेव्हा राजाच्या पहाऱ्यात कैदेत होता. तेथे त्याचा चुलतभाऊ आला आणि म्हणाला, “गावचे माझे शेत तू विकत घे.” आता बुडत्या राज्यातली जमीन कोण घेईल? यिर्मयाने घेतली! सतरा शेकेल चांदी तोलून दिली, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या आणि खत मातीच्या मडक्यात ठेवायला सांगितले. का? तर या देशात पुन्हा घरे, शेते, द्राक्षमळे विकत घेतले जातील, असे देवाचे वचन आहे म्हणून.

हे वचन समजायचे तर करार समजला पाहिजे. अब्राहामाशी देवाने करार केला, त्याच्या वंशाला देश देऊ केला, अशी इस्राएल लोकांची श्रद्धा. इ. स. पूर्व ५८६ मध्ये शहर पडले, मंदिर जळले, लोक बाबेलला नेले गेले. मग देवाने शब्द मोडला काय? संदेष्टे म्हणाले, नाही. करार आपण मोडला, त्याची ही शिक्षा. पण देवाने तो रद्द केलेला नाही. यिर्मयाने बंदिवानांना पत्र धाडले: तेथेच घरे बांधा, बागा लावा, त्या शहराचे भले इच्छा. म्हणजे परमुलुखातही देव आपला आहेच.

इ. स. पूर्व ५३९ मध्ये इराणच्या कोरेश राजाने बाबेल घेतले आणि बंदिवानांना परतण्याची मुभा दिली. सगळे काही परतले नाहीत. जे परतले, त्यांनी नव्या मंदिराचा पाया घातला, तेव्हा तरुण हर्षाने ओरडले. पण जुने मंदिर पाहिलेले म्हातारे मात्र रडले. वचन पुरे झाले, पण गेलेले सारे परत आले नाही, हेही त्या ग्रंथाने लपविलेले नाही.

आता ठाण्याकडे येऊ. कल्याण-डोंबिवलीहून ठाण्यास उतरून टेंभी नाक्याकडे गेलात, तर १८७९ साली बांधलेले बेने इस्राएल समाजाचे प्रार्थनामंदिर दिसेल. त्याच्या हिब्रू नावाचा अर्थ ‘स्वर्गाचे द्वार’. हे लोक मराठीच बोलतात. पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी त्यांची आडनावे. पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, ग्रंथ बुडाले, असे ते सांगतात. हाती राहिले काय? शनिवारचा विसावा, सुंता, आणि देव एक आहे असे सांगणारी ‘शमा’ ही प्रार्थना. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून कोकणात त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. मंगलप्रसंगी एलिया संदेष्ट्याच्या नावाने ते पोहे, गूळ, खोबऱ्याचा मलिदा करतात.

१९४८ साली इस्राएल राष्ट्र झाले आणि यांतले बहुतेक तिकडे गेले. तेही सुखासुखी नव्हे. तुमचे ज्यूपण पुरे का, अशी शंका तेथील धर्माधिकाऱ्यांनी काढली; विवाहाच्या वेळी अडवणूक झाली. भांडून, धरणे धरून १९६४ साली त्यांनी बरोबरीचा मान मिळविला. काही कुटुंबे ठाण्यातच राहिली. प्रार्थनेला उभे राहताना ती आजही यरुशलेमकडे तोंड करतात.

गुरुजनहो, मुलांना ही वास्तू दाखवा आणि मडक्याची गोष्ट सांगा. नवगावच्या वाळूत त्या चौदा जणांकडे खत नव्हते, मडके नव्हते. शनिवार मात्र त्यांनी चुकविला नाही. त्यांचे म्हणणे एवढेच, की देवाने आम्हाला विसरले नाही आणि आम्ही त्याला.