कबुलीजबाबाच्या तळाशी

इटलीच्या ईशान्येला, फ्रिउली प्रांतात मोन्तेरेआले नावाचे गाव आहे. तिथे पाणचक्की चालवणाऱ्या दोमेनिको स्कान्देल्ला ऊर्फ मेनोक्किओला १५८४ मध्ये इन्क्विझिशन या चर्चच्या धर्मन्यायालयापुढे उभे करण्यात आले. त्याने सांगितले, की आरंभी सगळे एकमेकांत कालवलेले होते. दुधाचे चीज व्हावे तसा त्यातून गोळा जमला आणि चिजात अळ्या पडाव्यात तसे देवदूत उपजले. १५९९ मध्ये त्याच्यावर पुन्हा खटला झाला आणि अखेर त्याला देहदंड मिळाला.

या खटल्यांचे कागद वाचून इतिहासकार कार्लो गिन्झबुर्ग यांनी १९७६ मध्ये जे पुस्तक लिहिले, त्याच्या नावातच चीज आणि अळ्या आहेत. मेनोक्किओने कोणती पुस्तके वाचली होती, हे त्यांनी हुडकून काढले. छापलेला मजकूर आणि या माणसाने त्याचा लावलेला अर्थ त्यांनी शेजारी ठेवून पाहिले. दोहोंत जिथे अंतर पडले, तिथे त्यांना शेतकऱ्यांच्या तोंडी परंपरेतली जुनी समजूत ऐकू आली.

गिन्झबुर्ग लिहीत होते त्या काळी इतिहासलेखनावर आकड्यांचा पगडा होता. जन्म-मृत्यूच्या नोंदी, धान्याचे भाव, शतकांचे आलेख यांतून समाज दिसे, पण सरासरीत माणूस मावत नसे. त्यावर उत्तर म्हणून गिन्झबुर्ग यांच्यासारख्यांचा सूक्ष्म-इतिहास उभा राहिला. त्याचा विषय लहान असेलच असे नाही; नजर मात्र जवळून रोखलेली असते. जोव्हान्नी लेव्ही यांनी सतराव्या शतकातल्या सान्तेना गावचे जमिनीचे व्यवहार तपासले, तेव्हा भाव बाजारापेक्षा नात्यागोत्यावर ठरताना दिसले. नॅटली झेमन डेव्हिस यांनी फ्रान्समधल्या मार्तां गेर या शेतकऱ्याच्या तोतयाची कथा १९८३ मध्ये लिहिली आणि त्या तोतयाला नवरा म्हणून स्वीकारणाऱ्या बायकोच्या मनात शिरण्याचा प्रयत्न केला.

एका माणसावरून समाज कसा कळणार, हा आक्षेप रास्त आहे. एदोआर्दो ग्रेन्दी यांनी त्यावर ‘असाधारण सामान्य’ ही कल्पना मांडली. दप्तरात विरळा म्हणून नोंदलेली गोष्ट गावात नित्याची असू शकते. कारभाऱ्याने ती टिपली, ती बहुधा खटक्याच्या वेळी.

याचे आपल्याकडचे मोठे उदाहरण बंगालचे आहे. बीरभूममधल्या बागदी जातीच्या चंद्रा या तरुणीचा १८४९ मध्ये गर्भपाताच्या औषधाने मृत्यू झाला. ज्या नातलग पुरुषापासून दिवस गेले, त्याने गर्भ पाडण्याचा किंवा घरदार सोडून भेख घेण्याचा पर्याय तिच्या आईपुढे ठेवला होता. आईने औषध मिळवले, बहिणीने दिले. कचेरीने त्यांचे जबाब गुन्ह्याची कबुली म्हणून उतरवून घेतले. इतिहासकार रणजित गुहा यांनी १९८७ मध्ये तेच जबाब वाचले आणि त्यांत एकीला वाचवायला धावलेल्या बायका पाहिल्या.

मेनोक्किओ आणि चंद्राच्या घरच्या बायका, सगळे आपल्यापर्यंत पोचले ते त्यांना दोषी ठरवू पाहणाऱ्यांच्या लेखणीतून. म्हणून कागद कोणी, कशासाठी लिहिला, हे विचारल्याशिवाय या वाटेवर पाऊल टाकता येत नाही. आणि कागदच नसेल, तर वाट तिथेच खुंटते.

इन्क्विझिशन हा शब्द आपल्याला परका नाही. गोव्यातले त्याचे न्यायासन १५६० मध्ये बसले आणि मधला थोडा खंड सोडला तर १८१२ पर्यंत चालले. त्याची बहुतेक कागदपत्रे नष्ट करण्यात आली. लिस्बनमध्ये १६२३ पर्यंतच्या सुमारे ३,८०० खटल्यांची सूची उरली आहे. त्यांतल्या कितीजणांनी कोकणीत वा मराठीत आपल्या देवांविषयी, शेतीभातीविषयी, मनातल्या शंकांविषयी काही सांगितले असेल. इटलीतल्या उदिने शहराच्या धर्मपीठाने मेनोक्किओचे कागद जपले, म्हणून एका दळणवाल्याचे आकाश आज आपल्याला ठाऊक आहे. गोव्याच्या माणसांवरचा आरोप यादीत शाबूत आहे. त्यांचे उत्तर मात्र गेले.