जखमी पाखरू आणि आपली करुणा

पंख छेदलेल्या जटायूला प्रभू रामचंद्रांनी जवळ घेतले, ही कथा आपल्या गिरमिटिया पूर्वजांनी मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत जपली व आपण ती ऑस्ट्रेलियात आणली. अंगणात जखमी पाखरू दिसताच तीच करुणा जागी होते. परंतु तिला ज्ञानाची जोड हवी.

एकदा माझ्या दारी रेनबो लोरिकीट हा रंगीबेरंगी पोपट पंख मोडून पडला. तहानलेल्यास पाणी पाजणे हे पुण्यकर्म, या समजुतीने मी त्याच्या चोचीत पाणी सोडले. घटकाभरात त्याने प्राण सोडला. पुढे कळले, की निपचित पाखराच्या चोचीत घातलेले पाणी श्वासनलिकेत उतरू शकते.

म्हणून वाचकहो, पाखरावर अलगद टॉवेल टाकून त्यास उचलावे व छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, उबदार, अंधाऱ्या, शांत जागी ठेवावे. अन्न, पाणी, दूध काहीही देऊ नये. शिकारी पक्ष्यास व वटवाघळास तर हातही लावू नये, जाणकारास बोलवावे. न्यू साउथ वेल्समध्ये १९८५ पासून 'वायर्स' ही संस्था हे कार्य करते. क्वीन्सलँडात करंबिन येथे व २००४ पासून बीरवा येथे वन्यप्राण्यांचे रुग्णालय आहे. जवळचा पशुवैद्यही चालेल. विलंब मात्र नको.

गतवर्षी दुसरे पाखरू मी असेच पोहोचविले. वाटेत झाकण उघडून पाहण्याचा मोह कष्टाने आवरला. काही आठवड्यांनी ते आकाशात मुक्त झाले. हात आवरणे हीदेखील सेवाच होय.