माळ्यावरची पेटी

जव्हारकडच्या जामसरसारख्या गावात न वापरलेले वस्त्र हा जिन्नसच दुर्मीळ. कारण लुगडे नवे असते तेव्हा सणासुदीला, विटले की शेतावर, विरले की तुकड्यातुकड्यांनी वाकळीत आणि वाकळही झिजली की पोतेऱ्यात, असा वस्त्राचा चतुराश्रम येथे पूर्वापार चालत आला असल्याने, एखाद्या आजीच्या पेटीत घडी न मोडलेले लुगडे सापडलेच, तर ते विस्मरणाने नव्हे, हेतुपुरस्सर राखलेले असते.

जव्हारच्या महाविद्यालयात शिकणारी एक नात अशाच पेटीच्या मागे लागली, तेव्हा मी त्या घरच्या ओटीवर बसलो होतो. पेटी पत्र्याची, चुलीवरच्या माळ्यावर ठेवलेली. आणि ही जागा अडगळीची म्हणून निवडलेली नसते. चार महिने पाऊस कोसळणाऱ्या आणि कारवीच्या कुडातून ओल आत शिरणाऱ्या या मुलखात चुलीची धग बुरशीला आणि धूर कसरीला आवर घालतो. कापडाला धुराचा वास येतो खरा, पण सावलीत वाऱ्यावर टांगल्याने तो बराचसा उतरतो. बुरशीचा डाग मात्र उतरत नाही.

लुगडे बाहेर येताच नातीने ते खांद्यावर टाकून आरसा गाठला. आजीने ते काढून घेऊन दारातल्या उजेडासमोर धरले, आणि खरी परीक्षा तीच. वर्षानुवर्षे एकाच रेषेवर दुमडलेले सूत त्या रेषेवरच प्रथम विरते व उजेडात फिकट पट्टीसारखे दिसते. उलट काठाची वीण दाट असल्यामुळे अंग गेले तरी काठ पुष्कळदा शाबूत राहतो. मग ओले पांढरे फडके कोपऱ्यावर दाबून पाहिले. त्यावर तांबडा डाग उमटला, तेव्हा हे थंड पाण्यात, रिठ्याने, एकटेच धुवायचे असा निकाल झाला.

पेटीच्या तळाशी रुपयांची माळ होती, आजीच्या सासूची. शहरातील दुकाने मुद्दाम काळे केलेले दागिने ‘ऑक्सिडाइज्ड’ म्हणून विकतात. येथला काळेपणा काळानेच आणलेला, आणि त्याचे कौतुक करण्याइतकी दृष्टी नातीला होती, हे मला विशेष वाटले. पंचनाम्यातील सर्वांत रंजक काम म्हणजे नाण्यांवरील सन वाचणे. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या रुपयात बारांपैकी अकरा भाग चांदी असे. १९४० पासून ती निम्म्यावर आली. १९४७ चा, पाठीवर वाघ असलेला रुपया तर निव्वळ निकेलचा. जव्हार संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले, त्यापूर्वीच्या बहुतेक नाण्यांवर इंग्रज बादशहांचीच मुद्रा होती. मध्ये एक वाघही निघाला. डाख देऊन कड्या बसविल्यामुळे संग्राहकाच्या लेखी या नाण्यांची किंमत उतरते, हे मी सांगितले. त्याची दखल कोणी घेतली नाही. चिंचेने घासू नये, हे मात्र नातीने ऐकले.

“माळ लग्नात घाल, आता नको,” आजी म्हणाली. लुगड्याचा तह अधिक लांबला. विरलेल्या घड्या टाळून मधल्या धडक्या भागाचा कुडता, बाह्यांना आणि घेराला काठ, एवढे ठरले. पदराला कात्री लावण्यास आजीने शेवटपर्यंत मान्यता दिली नाही, आणि घडीवरच्या विरलेल्या पट्ट्या वाकळीसाठी आपल्याकडे परत याव्यात, अशी अट तिने नातीकडून दोनदा कबूल करवून घेतली.