सह्याद्री आणि कोकण किनारा: तीन आठवड्यांची गाडीभ्रमंती कशी आखावी?

आधी घाटमाथा, मग किनारा, आणि किनारा दक्षिणेकडून उत्तरेकडे! आपण डाव्या बाजूने गाडी चालवतो, त्यामुळे परतताना समुद्र आपल्याच बाजूला राहतो.

पुण्याहून महाबळेश्वर, पन्हाळा, गगनबावडा, आंबोली. तिथून घाट उतरून सावंतवाडी, वेंगुर्ला, मालवण, विजयदुर्ग, रत्नागिरी. इथवर सोपं आहे. खरी मजा पुढे, जयगडपासून. खाड्या आडव्या येतात आणि गाडीसकट जंगलजेटीत, म्हणजे फेरीबोटीत, चढावं लागतं: शास्त्रीच्या खाडीवर जयगड ते तवसाळ, वाशिष्ठीवर धोपावे ते दाभोळ, सावित्रीवर वेशवी ते बागमांडला, शेवटी दिघी ते आगरदांडा. दाभोळची फेरी २००३ पासून चालू आहे. या फेऱ्यांमुळे महामार्गाला जाऊन येण्याचा मोठा वळसा वाचतो. दिवसाचं गणित फेरीच्या वेळांवरूनच मांडा, आणि त्या वेळा आदल्या दिवशी फोन करून विचारा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात घाटांत दरडी कोसळतात, वरंध घाट तर अनेकदा बंदच ठेवतात.

रोज दीडशे किलोमीटरच्या वर जाऊ नका, किनाऱ्यावर तर शंभर पुरे. रस्ता अरुंद, वळणं फार. आणि दाभोळ ओलांडल्यावर लागणाऱ्या हर्णैला संध्याकाळी पोहोचा. बंदरावरचा मासळीचा लिलाव अजिबात चुकवू नये!

पेट्रोल तालुक्याच्या गावी भरून घ्या, थोडी रोकड जवळ ठेवा. आगरदांड्याजवळच्या मुरूडहून परतताना माणगावमार्गे ताम्हिणी घाट चढला की पुणं.