बर्फात साडी कशी नेसायची?

रायपूरला थंडी पडते ती डिसेंबर-जानेवारीत, आणि तीही बहुधा रात्रीपुरती. दुपारी स्वेटर अंगावरून खांद्यावर येतो. अशा गावातून लग्न होऊन टोरांटोला निघालेल्या मुलीच्या बॅगेत आई काय भरणार? कोशाच्या साड्या, सुती सलवार-कमीज आणि एखादा जाड स्वेटर.

पहिल्याच हिवाळ्यात साड्या कपाटात जातात. लांब कोट चढवला की पदर, काठ सारेच झाकले जाते आणि बर्फाच्या चिखलात फॉल भिजतो. काचेच्या बांगड्या बाहीत अडकतात. लोकरी टोपीत अंबाडा मावत नाही, म्हणून केस कापले जातात. इकडे फोटो पाहून आजी म्हणते, "पोरगी अगदीच बदलली गं!"

हा पेच नवा नाही. आनंदीबाई जोशी १८८३ साली डॉक्टर होण्यासाठी अमेरिकेला गेल्या. जाण्यापूर्वी सेरामपूर कॉलेजातील सभेत त्यांनी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परतेन, असे सांगितले होते. साडी सोडणे म्हणजे दिलेला शब्द मोडणे. पण नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहत आणि फिलाडेल्फियाच्या थंडीत ते सोसवेना. शिवाय तिकडे बाईचे पाय दिसणेही असभ्य मानले जाई! तेव्हा त्यांनी पाय घोट्यापर्यंत झाकणारी गुजराती पद्धतीची साडी नेसायला सुरुवात केली. १८८५ मधल्या प्रसिद्ध छायाचित्रात जपानच्या केई ओकामी आणि सिरियाच्या साबात इस्लामबुली या सहाध्यायिनींबरोबर त्या साडीतच बसल्या आहेत. ११ मार्च १८८६ ला पदवी मिळाली; २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयाने त्या गेल्या. वय अवघे एकवीस. क्षय जंतूंमुळे होतो, नुसत्या थंडीने नाही, हे खरे. तरी परक्या हवेत तब्येतीची हेळसांड परवडत नाही.

म्हणून आजींनी रागावू नये आणि आईने सुती कपड्यांची चळत कमी करावी. सुती कापड घाम शोषून ओलेच राहते आणि अंग गार पडते. आत अंगासरशी थर्मल, त्यावर लोकर, सर्वांत बाहेर वारा अडवणारा कोट असे थर हवेत. एका जाड स्वेटरपेक्षा ते अधिक ऊब देतात. कोशाची साडी मात्र अवश्य द्यावी; रेशीम सुतापेक्षा उबदार असते.

आणि ती साडी पडून राहत नाही. दिवाळीच्या कार्यक्रमाला मुली हॉलच्या दाराशीच कोट टांगतात, ओले बूट काढतात, पिशवीतून चपला काढून पायात घालतात आणि निऱ्या सारख्या करत आत शिरतात.