पोळी तुटली, बाबा ओरडला : चिडचिड आणि नंतर खाणारं मन

आजचा भाग रात्री साडेदहाला, आवाज खाली ठेवून रेकॉर्ड करतोय, कारण शेजारच्या खोलीत लेक झोपलीय. सव्वादोन वर्षांची आहे. आज तिच्याबद्दल बोलायचंय. खरं तर माझ्याबद्दल.

गेल्या महिन्यातला एक मंगळवार. ऑफिसचा कॉल लांबला, साडेआठ वाजले. तिला भूक लागलेली, मलाही. मी पोळी तोडून वरणात बुडवली आणि तिच्यासमोर ठेवली. तिला पोळी अख्खी हवी होती. दुसरी दिली, तर ती नको. तीच हवी, जोडून दे! मग ताटली जमिनीवर. आणि मी ओरडलो, खूप जोरात. ती एकदम गप्प झाली आणि भिंतीला टेकून माझ्याकडे बघत राहिली. तिचं ते बघणं अजून डोळ्यासमोरून जात नाही.

पुढच्या अर्ध्या तासात मी तिला मोबाईल दिला, चॉकलेट दिलं, अकरापर्यंत जागू दिलं. झोप कमी झाल्यामुळे दुसऱ्या दिवशी ती सकाळपासून किरकिरत होती, आणि संध्याकाळी मी पुन्हा चिडलो. म्हणजे चिडणं, मग अपराधी वाटणं, मग नको ते लाड, मग आणखी चिडणं. पक्का लूप.

आधी तिची बाजू समजून घेऊ. भावना आवरणारा, 'जरा थांब' म्हणणारा मेंदूचा पुढचा भाग, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, पूर्ण तयार व्हायला पंचविशी उजाडते. दोन वर्षांच्या मुलाला काय हवंय ते कळतं, पण सांगायला शब्द पुरत नाहीत, आणि नाही मिळालं तर स्वतःला आवरता येत नाही. ती 'नाटकं' करत नव्हती. तिला ते खरंच जमत नव्हतं.

मग मी तर पंचविशी ओलांडलीय, माझं काय? हाच भाग ताणाखाली, कमी झोपेत नीट काम करत नाही. मी आठवडाभर मोबाईलमध्ये नोंद ठेवली. सात वेळा चिडलो, त्यातले पाच वेळा संध्याकाळी साडेसातनंतर. आणि चार वेळा माझ्या हातात फोन होता. तिचा हट्ट दिवसभर सारखाच होता, संपलेलो मी होतो. आता सहा वाजता आधी मी काहीतरी खातो आणि जेवताना फोन दुसऱ्या खोलीत असतो. चिडणं थांबलं नाहीये, कमी झालंय.

आता अपराधीपणा. त्याचे दोन प्रकार मला ओळखता यायला लागले. 'मी चुकीचं वागलो' हा एक, आणि 'मी बापच वाईट आहे' हा दुसरा. पहिला काहीतरी दुरुस्त करायला लावतो. दुसरा फक्त चॉकलेट आणायला लावतो, कारण तिथे मला माझं मन शांत करायचं असतं, तिचं नाही.

एड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांबरोबर १९७८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. आई बाळाशी खेळते, मग काही मिनिटं चेहरा अगदी कोरा ठेवते. बाळ हसून, हातवारे करून तिला परत बोलवायचा प्रयत्न करतं, नाही जमलं की तोंड फिरवतं. पुढे ट्रॉनिक यांनी सांगितलेली गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. रोजच्या साध्या खेळातही आई आणि बाळाचा सूर सतत चुकतो आणि पुन्हा जुळतो. नातं टिकतं ते या पुन्हा जुळण्यावर.

हे ऐकून मला माझं लहानपण आठवलं. आईला फोन केला, तर ती म्हणाली, "अरे, तुला काय आम्ही कमी ओरडलो? पोरं विसरतात." खरंय, बाबांचं ओरडणं मला फारसं आठवत नाही. नंतर दोन-दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोलायचं नाही, ते मात्र आठवतं. मोठ्यांनी लहानांची माफी मागायची पद्धतच नव्हती आमच्याकडे.

म्हणून गेल्या आठवड्यात पुन्हा ओरडलो, तेव्हा चॉकलेट आणलं नाही. पाणी प्यायलो, तिच्याजवळ खाली बसलो आणि म्हणालो, "बाबा खूप मोठ्याने ओरडला. तुला भीती वाटली ना? चूक बाबाची. ताटली फेकायची नसते, आणि असं ओरडायचंही नसतं." एवढंच. 'पण तूही ना...' हे जोडलं की माफीचं पुन्हा रागावणं होतं. आणि माफी मागितली म्हणून नियम बदलत नाही. सांडलेलं वरण आम्ही दोघांनी मिळून पुसलं. ती चार वेळा "बाबा ओल्लला" म्हणाली आणि मग पोळी मागितली. अख्खी.

शेवटचं, आणि महत्त्वाचं. राग इतका चढला की हात उठेल असं वाटतंय, तर मुलाला सुरक्षित जागी बसवा, घरातल्या कुणाला तरी हाक मारा आणि दोन मिनिटं बाजूला व्हा. रोजच असं होत असेल, किंवा मन सतत खचलेलं असेल, तर १४४१६ वर फोन करा. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे, चोवीस तास, मोफत, आणि मराठीतही बोलता येतं.

चला, आतून हालचाल ऐकू येतेय. थांबतो. भेटू पुढच्या भागात!